पिनकोडपासून चार कोटी अंकांपर्यंत: मोठी मूळ संख्या कशी तपासावी

लोंढा जंक्शनचा पिनकोड ५९१३०१. संकेश्वरचा ५९१३१३. दोन्ही विषम, दोन्ही ५ ने न तुटणाऱ्या, दोघींच्या अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जात नाही. दोघींत फरक फक्त १२ चा. यातली एक मूळ संख्या आहे आणि दुसरी नाही. नुसतं बघून कुठली कोणती, हे गणितात आयुष्य घातलेल्या माणसालाही सांगता येणार नाही. ते ठरवावं लागतं, आणि ठरवायची रीत आठवी-नववीच्या मुलालाही जमते. ती रीत इथे पहिल्यापासून लिहितो.

रविवारी सकाळी बेळगावजवळच्या खानापुरात आम्ही काही मुलं आणि पालक वह्या घेऊन बसतो. निम्मी मुलं मराठी माध्यमातली, निम्मी कन्नड. मराठी पुस्तकात 'मूळ संख्या' असते, कन्नड पुस्तकात 'अविभाज्य संख्ये'. मला कन्नड शब्द शिकवायला जास्त आवडतो, कारण व्याख्या त्यातच आहे: जिचे विभाग होत नाहीत ती. १ आणि स्वतः ती संख्या सोडून दुसऱ्या कशाने भाग जात नाही. आमच्याकडे मुलं म्हणतात, "सर, फुटली" किंवा "सर, फुटत नाही." तोच शब्द मी पुढे वापरणार आहे.

सरावाला पिनकोड का घेतो? सहा अंकी संख्या हाताने तपासण्याजोगी असते, पण सहज सुटण्याजोगी नसते. शिवाय ती प्रत्येकाच्या घरच्या पत्त्यावर असते. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, जे संस्कृत कवीही होते. आपल्या भागात तिची गंमत रोज दिसते. कर्नाटकातली कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलकडे गेलं की पत्त्याचा पहिला अंक ५ चा ४ होतो.

आधी सामान

एक वही, एक साधा कॅल्क्युलेटर आणि ७६८ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. यादी बाजारात शोधू नका, स्वतः करा. १ ते ७६८ आकडे चौकटींत लिहा. १ खोडा. २ ठेवून २ चे बाकीचे पट खोडा, मग ३ चे, ५ चे, ७ चे, असं २३ पर्यंत जा. २३ नंतर थांबायचं, कारण पुढची मूळ संख्या २९, आणि २९ × २९ = ८४१, म्हणजे यादीच्या बाहेर. नऊ वेळा खोडून झालं की १३५ संख्या उरतात. तेवढ्याच उरल्या पाहिजेत. १३४ किंवा १३६ उरल्या तर कुठेतरी हात चुकलाय, पुन्हा बघा. एरॅटोस्थेनिसची चाळणी म्हणतात ती हीच.

कॅल्क्युलेटरबद्दल एक सूचना. त्यावरचं टक्क्याचं बटण बाकी काढत नाही. भागाकार करा आणि दशांश चिन्हानंतर काही आलं का ते बघा. ५९१३१३ ला ९७ ने भागलं की ६०९६.०१०३ येतं. घाईत ६०९६ वाचून "गेला भाग" म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. तो भाग गेलेला नाही, बाकी १ उरली आहे.

पहिली पायरी: नजरेने

शेवटचा अंक सम किंवा ५ असेल तर संख्या फुटली. खानापूर ५९१३०२ आणि अथणी ५९१३०४ इथेच संपले. मग अंकांची बेरीज. निपाणी ५९१२३७ ची बेरीज २७, चिकोडी ५९१२०१ ची १८, हुक्केरी ५९१३०९ ची २७, खुद्द बेळगाव ५९०००१ ची १५. सगळ्या ३ ने फुटतात. या पायरीवर बहुतेक संख्या गळतात, म्हणून तिला कमी लेखू नका.

दुसरी पायरी: एका वजाबाकीत तीन कसोट्या

७ × ११ × १३ = १००१. सहा अंकी संख्येसाठी हा गुणाकार म्हणजे सोन्याची किल्ली आहे. संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करा आणि त्यांची वजाबाकी घ्या. संकेश्वर: ५९१ वजा ३१३ म्हणजे २७८. आता २७८ ला ७, ११, १३ ने भागून बघा. २७३, २७५, २७३ जवळ येतात, पण कुणीही बरोबर बसत नाही. म्हणजे ५९१३१३ ला या तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. असं का चालतं? ५९१३१३ म्हणजे ५९१ × १००० + ३१३. हजाराला '१००१ वजा १' म्हणा, की १००१ चा पट बाजूला पडतो आणि उरते फक्त ३१३ वजा ५९१.

वजाबाकीऐवजी बेरीज घेतली की ३७ ची कसोटी मिळते, कारण ९९९ = २७ × ३७. ५९१ + ३१३ = ९०४, आणि ३७ × २४ = ८८८, बाकी १६. नाही गेला. लोंढ्याचं हेच करून बघा: वजाबाकी २९०, बेरीज ८९२. दोन्हींतून तो सुटतो.

तिसरी पायरी: कुठपर्यंत जायचं

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. एखादी संख्या दोन अवयवांत फुटत असेल, तर त्यातला लहान अवयव तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही. दोन्ही वर्गमुळापेक्षा मोठे असते तर त्यांचा गुणाकार मूळच्या संख्येच्या पुढे गेला असता. ७६९ × ७६९ = ५९१३६१. आपल्या दोन्ही संख्या याच्या किंचित खाली आहेत. म्हणजे ७६८ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघणं पुरेसं आहे, पण तिथपर्यंत जाणं भागच आहे. यादीतली शेवटची ७६१. ती होईपर्यंत "मूळ आहे" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. तोवर आपण एवढंच म्हणू शकतो: अजून फुटलेली नाही.

हे मी चुकून शिकलो. गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी फळ्यावर संकेश्वरचा पिनकोड घेतला होता. २३ ने नाही, ४७ ने नाही, ९७ ने बाकी १. ११३ पर्यंत आलो, बाहेर पाऊस वाढला, मुलांना बस गाठायची होती. मी खडू ठेवला आणि संख्येखाली 'मूळ' असं लिहिलं. पुढच्या रविवारी एक मुलगी वही घेऊन आली. तिची मावशी संकेश्वरात असते, म्हणून तिने ती संख्या सोडली नव्हती. प्रत्येक पानावर चार भागाकार, डावीकडे लाल पेनाने भाजक. १२७ ला बाकी १. १७३ ला एकच कमी पडतो: १७३ × ३४१८ = ५९१३१४. तिथे तिने पेन्सिलने लिहिलं होतं, "थोडक्यात!" आणि चोविसाव्या पानावर लाल ५४१, खाली बाकीच्या जागी शून्य.

"सर, संकेश्वर फुटला," ती म्हणाली.

५९१३१३ = ५४१ × १०९३. आम्ही यादीत बोट ठेवून मोजलं. ५४१ ही बरोबर शंभरावी मूळ संख्या आहे. नव्याण्णवांनी भाग गेला नाही, शंभरावीने गेला. नव्याण्णव पुराव्यांवर मी माझा निकाल दिला असता तरीही तो खोटाच ठरला असता. त्या दिवसापासून आमच्या फळ्यावर वर्गमूळ आधी लिहिलं जातं आणि भागाकार नंतर.

चौथी पायरी: भागाकार, शांतपणे

यादीतली एकेक संख्या घ्या, भागा, बाकी लिहा. बाकी लिहिणं महत्त्वाचं, कारण नंतर कुणीतरी तपासू शकतं. गोकाकचा ५९१३०७ लवकर फुटतो: २३ × ४७ × ५४७. शहापूरचा ५९०००३ थोडा चिवट, पण ४३ ला सापडतो: ४३ × १३७२१. लोंढ्याचा ५९१३०१ मात्र १३५ पैकी कुणालाच दाद देत नाही. शेवटच्या ७६१ ला बाकी ४ उरते आणि वही मिटता येते. आता म्हणा: ५९१३०१ ही मूळ संख्या आहे. मिरज-बेळगावकडची गाडी, हुबळीची आणि गोव्याची, सगळ्यांचे मार्ग जिथे फुटतात तिथला पिनकोड फुटत नाही, याचं मुलांना फार कौतुक वाटतं. मलाही.

भागाकारांना एक आडवाट आहे, तीही सांगून ठेवतो. ७६९ चा वर्ग घ्या, त्यातून ५९१३१३ वजा करा, उत्तर पूर्ण वर्ग आहे का बघा. उत्तर ४८, नाही. मग ७७० चा वर्ग, मग ७७१ चा, असं पुढे. ८१७ ला पोहोचलात की ६६७४८९ वजा ५९१३१३ = ७६१७६, आणि तो २७६ चा वर्ग आहे. झालं: ८१७ वजा २७६ म्हणजे ५४१, ८१७ अधिक २७६ म्हणजे १०९३. शंभर भागाकारांऐवजी ४९ वर्गांत काम झालं. ही फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत दोन अवयव एकमेकांच्या बऱ्यापैकी जवळ असले तरच लवकर फळते. शहापूरला ती वापरू नका.

मूळ निघाली, आता पुढे काय?

नवखे लोक इथे थांबतात. खरं तर संख्येची ओळख इथून सुरू होते. लोंढ्याची संख्या घेऊन तिला काही प्रश्न विचारू.

४ ने भागल्यावर बाकी किती? १. बाकी १ असणारी प्रत्येक मूळ संख्या दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते, आणि तीही एकाच प्रकारे. बाकी ३ असेल तर अजिबात लिहिता येत नाही. फर्माने हे सतराव्या शतकात सांगितलं आणि ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केलं. मग ५९१३०१ चे ते दोन वर्ग कोणते? पूर्ण वर्गाचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६, ९ यांपैकीच असतो. दोन वर्गांची बेरीज १ ने संपायची तर जोडी ० आणि १ ची किंवा ५ आणि ६ ची. म्हणजे दोन संख्यांपैकी एक ५ च्या पाढ्यातली असणारच. ५, १०, १५ पासून ७६५ पर्यंत १५३ संख्या होतात. प्रत्येकीचा वर्ग वजा करा आणि उरलेला पूर्ण वर्ग आहे का ते बघा. ७३५ ला आलात की:

७३५ × ७३५ = ५४०२२५
५९१३०१ − ५४०२२५ = ५१०७६
२२६ × २२६ = ५१०७६

हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा आमच्या खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. पत्रावरच्या पत्त्यातली एक संख्या, आणि तिच्या पोटात दोन चौरस बसलेले.

याच गुणधर्माचा उलटाही उपयोग होतो. एखादी विषम संख्या दोन वेगळ्या प्रकारे दोन वर्गांची बेरीज होत असेल तर ती नक्की फुटते. २२१ = १४ चा वर्ग + ५ चा वर्ग, आणि ११ चा वर्ग + १० चा वर्ग. म्हणून ती १३ × १७. ऑयलरने याच मार्गाने १०००००९ फोडली: एकीकडे १००० आणि ३ चे वर्ग, दुसरीकडे ९७२ आणि २३५ चे. ती २९३ × ३४१३ आहे.

दुसरा प्रश्न: शेजारी कोण? दोनच्या अंतरावर दुसरी मूळ संख्या असेल तर त्यांना जोडमूळ संख्या म्हणतात. ५९१२९९ ला १९ ने भाग जातो, ५९१३०३ ला ३ ने. लोंढ्याला जोड नाही.

तिसरा: एक वजा केल्यावर काय उरतं? ५९१३०० = २ × २ × ३ × ३ × ३ × ३ × ५ × ५ × ७३. एवढ्या लहान अवयवांत मोकळी होणारी संख्या मिळणं हे भाग्य. याचा उपयोग असा, की १ ला ५९१३०१ ने भागत राहिलं तर दशांशातला जो गट पुन्हा पुन्हा येतो, त्याची लांबी ५९१३०० ची विभाजक असते. लहान उदाहरणात हे डोळ्यांनी दिसतं. १ भागिले ७ म्हणजे ०.१४२८५७ पुन्हा पुन्हा, गट सहा अंकी, आणि ७ वजा १ सहाच. गटाचे दोन अर्ध करून बेरीज करा: १४२ + ८५७ = ९९९. १ भागिले १३ चा गट ०७६९२३. त्याचंही करा: ०७६ + ९२३ = ९९९. २ आणि ५ सोडून कोणत्याही मूळ संख्येचा गट सम लांबीचा असेल तर असंच होतं.

वही पुरेनाशी होते तेव्हा

दहा अंकी मोबाइल नंबर घेतला तर वर्गमूळ एक लाखाच्या आसपास येतं. एक लाखाखाली ९५९२ मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार कुणी करत बसू नये. (तुमचा नंबर मूळ निघण्याची शक्यता साधारण २३ त एक. शेवटचा अंक १, ३, ७ किंवा ९ असेल तर साधारण ९ त एक. तपासायला अनोळखी वेबसाइटवर नंबर टाकू नका, स्वतःच्या फोनवर किंवा संगणकावर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत करा.)

इथे भागायचं सोडून दुसराच प्रश्न विचारतात. फर्माने १६४० साली लिहिलं: प ही २ पेक्षा मोठी मूळ संख्या असेल तर २ चा (प − १) वा घात प ने भागल्यावर बाकी नेहमी १ उरते. लोंढ्यासाठी २ चा ५९१३०० वा घात. तो लिहून काढायचा नसतो. २ चा वर्ग, त्याचा वर्ग, त्याचा वर्ग, आणि प्रत्येक वेळी ५९१३०१ ने भागून फक्त बाकी ठेवायची. १९ वेळा वर्ग आणि मधे काही दुपटी, एवढ्यात उत्तर येतं. बाकी १ सोडून काहीही आली तर संख्या फुटणारी आहे, मग तिचा एकही अवयव आपल्याला माहीत नसला तरी. अवयव न सापडता "ही फुटते" असं खात्रीने म्हणता येणं, हे मला आजही अंकगणितातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं.

पण उलट दिशेने फसगत होते. ३४१ = ११ × ३१, तरीही २ च्या कसोटीला बाकी १ देते. ५६१ = ३ × ११ × १७ तर त्याहून पक्की. तिच्याशी सामाईक अवयव नसलेला कुठलाही पाया (म्हणजे २ च्या जागी घेतलेली संख्या) घेतला तरी ती मूळ असल्याचंच दाखवते. आणि इथे आपला संकेश्वर परत येतो. त्याचा दुसरा अवयव १०९३ साधासुधा नाही. २ च्या १०९२ व्या घातातून १ वजा केला तर १०९३ ने भाग जातोच, पण १०९३ च्या वर्गानेही जातो. असं करणाऱ्या मूळ संख्या आजवर दोनच सापडल्या आहेत: १०९३, जी माइसनरने १९१३ साली दाखवली, आणि ३५११, जी बेगरने १९२२ साली. त्यामुळे १०९३ चा वर्ग ११९४६४९ हाही २ च्या कसोटीला फसवतो. ज्या मुलीने २४ पानं भरली तिला मी हे सांगितलं, तेव्हा तिने वहीच्या मुखपृष्ठावर १०९३ मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं.

फसवणूक टाळायला कसोटी कडक करतात, तिला मिलर-राबिन कसोटी म्हणतात. पूर्ण घाताआधीच्या अर्ध्या, पाव घाताशी काय बाकी येते तेही बघायचं. लोंढ्याला २ च्या २९५६५० व्या घाताशी बाकी ५९१३०० येते, म्हणजे 'वजा १'. हे लक्षण चांगलं. २ आणि ३ या दोन पायांनी ही कडक कसोटी लावली, तर दोन्हींना फसवणारी सर्वांत लहान विषम संख्या १३७३६५३ (८२९ × १६५७) आहे. म्हणून सहा अंकी कुठल्याही पिनकोडला हे दोन पाये पुरतात, आणि निकाल 'बहुधा' नसून पक्का असतो. दहा अंकी संख्येला २, ३, ५, ७ आणि ११ एवढे पाच पुरतात.

संख्या कितीही मोठी असो, शंकेला जागा न ठेवता आणि वाजवी पायऱ्यांत उत्तर देणारी रीत आपल्याच देशात सापडली. २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ती दिली.

स्प्रेडशीट वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे साधारण १५ अंकांपर्यंतच आकडा खरा राहतो. त्यापुढचे अंक गुपचूप शून्य होतात आणि बाकी खोटी येते. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही.

चार कोटी अंकांची संख्या

आजवर सापडलेली सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणजे २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १. २१ ऑक्टोबर २०२४ ला ती जाहीर झाली. ल्यूक ड्युरांट यांनी 'जिम्प्स' या सामूहिक शोधात ती मिळवली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. एका पानावर अडीच हजार अंक छापले तर सोळा हजारांवर पानं लागतील. अशा, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ही सापडलेली ५२ वी.

एवढ्या संख्येबद्दल आपण घरी बसून काय सांगू शकतो? बरंच काही. अंकांची संख्या: घाताला ०.३०१०३ ने गुणा, जवळपास तेच उत्तर येईल. शेवटचे दोन अंक: २ चे घात लिहीत गेलं की शेवटचे दोन अंक दुसऱ्या घातापासून दर २० पायऱ्यांनी परत येतात, ०४ पासून पुन्हा ०४ पर्यंत. १३६२७९८४१ ला २० ने भागून बाकी १. म्हणजे २१ व्या घातासारखाच शेवट: २०९७१५२, शेवट ५२. एक वजा, ५१. चार कोटी अंकांच्या संख्येचा शेवट आपण एका ओळीत काढला. ४ ने भागून तिची बाकी ३ येते, म्हणून लोंढ्यासारखे दोन वर्ग तिच्यात कधीही सापडणार नाहीत.

आणि ती मूळ आहे हे कसं कळतं? लूकास-लेमर कसोटीने. ती पाटीवर करता येईल इतकी साधी आहे. २ चा ७ वा घात वजा १, म्हणजे १२७ घेऊ. ४ पासून सुरुवात. दर वेळी वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा.

४ चा वर्ग १६, वजा २, १४.
१४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, बाकी ६७.
६७ चा वर्ग ४४८९, वजा २, ४४८७, बाकी ४२.
४२ चा वर्ग १७६४, वजा २, १७६२, बाकी १११.
१११ चा वर्ग १२३२१, वजा २, १२३१९, आणि १२७ × ९७ = १२३१९. बाकी शून्य.

घात ७ असेल तर पाच वेळा, म्हणजे दोन कमी. शेवटी शून्य आलं की मूळ, नाही आलं की नाही. विक्रमी संख्येलाही हीच कसोटी लावली, फक्त १३,६२,७९,८३९ वेळा, आणि प्रत्येक वेळी चार कोटी अंकांचा वर्ग. म्हणून संगणक लागतात, पण रीत पाटीवरचीच.

घात मूळ असला म्हणजे संख्या मूळ असं मात्र नाही. २ चा ११ वा घात वजा १ = २०४७ = २३ × ८९. २ चा ६७ वा घात वजा १ ही बराच काळ मूळ समजली जात होती. १९०३ साली फ्रँक कोल यांनी तिचे अवयव दाखवले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. अशा संख्यांचा प्रत्येक मूळ अवयव घाताच्या दुपटीच्या पटीपेक्षा एकने जास्त असतो: २३ = २२ + १, ८९ = ८८ + १. शोधणाऱ्याचं काम यामुळे खूप हलकं होतं.

तुम्हाला या शोधात उतरायचं असेल तर जिम्प्सचा 'प्राइम९५' हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. जुना लॅपटॉप घेऊ नका, गरम होऊन बंद पडेल. उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवा. आपल्याकडे लाइट जाते त्याची काळजी नको, प्रोग्रॅम अधूनमधून काम साठवतो आणि तिथूनच पुढे जातो. एका संख्येला बरेच दिवस लागतात आणि बहुतेक वेळा उत्तर 'मूळ नाही' असं येतं. ते उत्तरही नोंदवलं जातं, त्या संख्येवर पुन्हा कुणाला पहिल्यापासून बसावं लागत नाही.

त्याआधी वहीवर एक संख्या पूर्ण करा. रायबागचा ५९१३१७. वर्गमूळ तेच, यादी तीच, १३५ भागाकार. ८९ ला बाकी १ येईल, १५१ लाही १, दचकू नका. ७६१ पर्यंत जा, ती फुटत नाही. मग तिचे दोन वर्ग शोधा. शेवटचा अंक ७ आहे, म्हणजे एका संख्येचा शेवट १ किंवा ९ आणि दुसरीचा ४ किंवा ६ असणार.